लघवी मोजायचं भांडं आणि सोबतची वही: दोघांनी वापरून दिलेला अभिप्राय

आधी भांड्याबद्दल. रुंद काठाची टोपी उलटी धरावी तसा याचा आकार. कमोडची सीट उचलायची, पुढच्या बाजूला हे काठावर टेकवायचं आणि सीट खाली करायची. मग नेहमीसारखं बसायचं, उठल्यावर आतल्या रेघांवर मिलिलिटर वाचायचे, ओतून विसळून ठेवायचं. बायकांसाठी ही सोय फार मोठी आहे. हातात जग धरून नेम साधण्याची कसरत ज्यांनी केली असेल, त्यांना हे सांगायला नको. पुरुषांचं काम साध्या मापाच्या जगातही भागतं, पण आमच्या ह्यांनीही शेवटी हेच वापरलं, कारण रात्री झोपेत उभं राहून जग सांभाळायचा त्यांना कंटाळा.

सोबत एक छापील वही येते, तिला डॉक्टर ब्लॅडर डायरी म्हणतात. तीन दिवस लिहायची. किती वाजता गेलो, किती मिलि झाली, घाई किती होती, गळती झाली का, आणि काय व किती प्यायलो. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे जमाखर्च लिहिले, त्यामुळे मला ही वही आवडणार हे ठरलेलंच होतं. ह्यांनी मात्र पहिल्या पानावर ‘पुष्कळ’, ‘थोडी’, ‘पुन्हा थोडी’ असं लिहून ठेवलं. मी ते पान फाडलं.

तक्रार आम्हां दोघांची एकच होती: सारखं जावं लागतं. वही भरल्यावर कळलं की दोघांचं दुखणं एक नाहीच. वस्तू घ्यावी की नाही याचं उत्तर मला इथेच मिळालं. नुसत्या फेऱ्या मोजून काही समजत नाही. प्रत्येक फेरीला किती झाली, हे कळलं की डॉक्टरांना खरी दिशा सापडते.

माझ्या पानांवर सगळे आकडे शंभर-सव्वाशे मिलिच्या आसपास. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण तीनशे ते पाचशे मिलि मावते, आणि दिवसभरात सहा ते आठ वेळा जाणं नेहमीचं धरतात. म्हणजे माझं भरण्याआधीच हाकारत होतं. दिवसाची बेरीज मात्र दीड लिटरच्या आतबाहेर, अगदी सरळ. वहीत आणखी एक गोष्ट उघडी पडली: निम्म्या वेळा ‘घाई’च्या रकान्यात शून्य. घाई नसताना मी जात होते, बाहेर पडायच्या आधी एकदा, झोपायच्या आधी दोनदा, ‘असूदे’ म्हणून. डॉक्टरांनी लघवी तपासून जंतुसंसर्ग नाही, साखर नाही, याची खात्री केली आणि मूत्राशय अतिसंवेदनशील झालंय असं सांगितलं. औषधं आहेत, मिराबेग्रॉन, सोलिफेनासिन वगैरे, पण सुरुवात सवयीपासून. घाई आली की पळायचं नाही. जागीच थांबायचं, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू झटपट काही वेळा आवळायचे-सोडायचे, लाट ओसरू द्यायची आणि मग चालत जायचं. दोन फेऱ्यांमधलं अंतर दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटांनी वाढवायचं. चहा-कॉफी कमी. पाणी मात्र तोडायचं नाही, कारण दाट लघवीने मूत्राशय आणखी चिडतं. बद्धकोष्ठताही सांभाळायची, भरलेलं आतडं शेजाऱ्याला दाबतं.

आता ह्यांची पानं. पुरुष आणि वय अडुसष्ट म्हणजे प्रोस्टेटच, असा निकाल ह्यांनी डॉक्टरांच्या आधीच लावून टाकलेला. दिवसाचे आकडे बेताचे, रात्रीचे भरभक्कम, एकेका फेरीला तीनशेच्या वर. वहीच्या शेवटी एक छोटा हिशेब छापलाय: झोपल्यानंतरची सगळी लघवी अधिक सकाळी उठल्यावरची पहिली, भागिले चोवीस तासांची बेरीज. पासष्टीच्या पुढे हे प्रमाण ३३ टक्क्यांवर गेलं तर मूत्रपिंड रात्रीच जास्त लघवी बनवतंय असं समजतात. ह्यांचं बरंच वर निघालं. सकाळची पहिली लघवी रात्रीच्या खात्यात का, यावर ह्यांनी माझ्याशी वाद घातला. ती बनली रात्रीच, फक्त वठली सकाळी, असं सांगितल्यावर गप्प बसले.

डॉक्टरांनी वही बघून आधी घोट्यांवर बोट दाबलं. खड्डा पडला. दिवसभर पायात साचलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकतं. ॲम्लोडिपिनसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांनीही घोटे सुजतात, म्हणून गोळ्यांची यादी तपासली. मग मला विचारलं, हे घोरतात का, मधेच श्वास अडकल्यासारखा होतो का? झोपेत श्वास थांबण्याच्या आजारातही रात्री लघवी वाढते, हे मला तेव्हा कळलं. प्रोस्टेटही तपासला. सध्याचा उपाय: संध्याकाळपूर्वी तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडणं, दिवसा घट्ट मोजे, झोपायच्या आधीचे दोन तास पिणं कमी. रात्रीच्या फेऱ्या घटल्या आहेत. मोज्यांविरुद्ध कुरकुर चालू आहे.

आता उणिवा. रेघा पन्नास-पन्नास मिलिच्या आणि नुसत्या उठावाच्या, पांढऱ्यावर पांढऱ्या. रात्री अंधुक उजेडात काही दिसत नाही. मी पक्क्या शाईच्या मार्करने गिरवून घेतल्या. झाकण नाही. वहीतला पेयांचा रकाना इतका अरुंद की काय प्यायलं ते लिहिलं तर किती याला जागा उरत नाही. झोपायला गेल्याची आणि उठल्याची वेळ लिहायला तर जागाच नाही, आणि तिच्याविना तो ३३ टक्क्यांचा हिशेब होणार कसा? आम्ही समासात लिहिली. उकिडवं बसण्याच्या संडासात हे भांडं बसणार नाही, तिथे मापाचा जगच घ्या.

लघवीत रक्त दिसत असेल, जळजळ आणि ताप असेल, खूप तहान लागून वजन उतरत असेल, तर तीन दिवस वही भरत बसू नका, थेट डॉक्टरांकडे जा. लघवी अडकली असेल तर त्याच तासाला. बाकीच्यांनी घ्यावं. घरात दोघांना लागणार असेल तर भांडी दोन घ्या. पहाटे पाचला एकाच भांड्यावरून आमच्याकडे जे बोलणं झालं ते टळेल.