जुन्या इलेक्ट्रिक गिटारच्या जड खुंट्या: तेल-ग्रीस की नवा संच?

बरीच वर्षे पेटीत पडून राहिलेली इलेक्ट्रिक गिटार बाहेर काढली की पहिली तक्रार बहुधा खुंट्यांचीच निघते. खुंटीचे बटण फिरता फिरत नाही, आणि फिरलेच तर झटक्याने फिरून सूर हवा त्या जागी न थांबता पुढे निघून जातो. नागपुरात या दुखण्याला कूलरचा हातभार लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला की घरोघरी कूलर सुरू होतात, आणि त्या ओलसर झोतासमोर स्टँडवर उभी ठेवलेली गिटार उन्हाळाभर दमट हवा आणि धूळ दोन्ही सोसते. जुन्या ग्रीसमध्ये ती धूळ मिसळून चिकटा तयार होतो आणि पोलादी भागांवर गंज चढतो. अशा खुंट्या साफ करून वंगण द्यावे की सगळा संचच बदलावा, असा प्रश्न असेल तर माझा कल आधीच सांगतो: खुंटीतल्या चाकाचे दाते झिजलेले नसतील तर बदलण्याची घाई करू नये.

मुळात दोष खुंटीतच आहे का, हे तपासायला दोन मिनिटे पुरतात. तार सैल करून काढून घ्यावी आणि बटण रिकामे फिरवून पाहावे. तरीही ते जड लागले तर दोष खुंटीचा. रिकामी खुंटी सुरळीत फिरत असेल, पण तार चढवल्यावर सूर अडखळत, ‘टिंग’ असा आवाज करत पुढे सरकत असेल, तर तार नटच्या खाचेत अडकते आहे. हा नट म्हणजे बोल्टवरचा नव्हे, तर मानेच्या टोकाला असलेली खाचांची पट्टी. तिथे २बी पेन्सिलीचे शिसे घासल्याने बहुतेक वेळा काम भागते आणि खुंटीला हात लावावा लागत नाही.

तेलाबद्दल अनेकांच्या मनात एक भीती असते, आणि ती तंबोरा-सतारीच्या सवयीतून आलेली आहे. तिथली लाकडी खुंटी केवळ घर्षणावर थांबते. ती सरकू नये म्हणून आपण तिला खडू लावतो आणि तेलाचा थेंबही जवळ येऊ देत नाही. गिटारच्या खुंटीत मात्र बटणाच्या दांड्यावरचे मळसूत्र दातेरी चाकाला फिरवते आणि चाक मळसूत्राला उलटे फिरवू शकत नाही. त्यामुळे वंगण दिल्याने तार सैल पडत नाही.

आता खुंटी कोणत्या प्रकारची आहे ते पाहावे, कारण निवडीचा मोठा भाग त्यावरच ठरतो. दाते उघडे असलेली खुंटी सर्वांत सोपी. पातळ पत्र्याचे झाकण असलेल्या, क्लूसन कंपनीच्या पद्धतीच्या जुन्या खुंटीत तेलासाठी पाठीवर बारीक छिद्र ठेवलेले असते. म्हणजे तिला अधूनमधून तेल लागणार, हे बनवणाऱ्यांनीच गृहीत धरले होते. ग्रोव्हर कंपनीच्या रोटोमॅटिकसारखी बंद खुंटी आतूनच ग्रीस भरून येते आणि ती उकलू नये. तिच्या बटणाच्या टोकाला असलेला स्क्रू फार आवळलेला असला तरी बटण जड होते. तो पाव फेरा सैल करून पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि आश्चर्य म्हणजे बहुतेकांना तो सुचतच नाही.

वंगणाच्या बाबतीत घरात हाताशी असलेल्या वस्तूंचा मोह होतो, आणि मी स्वतः त्याला बळी पडलो आहे. खोबरेल तेल लावल्यावर माझी गिटार महिनाभर छान चालली. पण खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठते, आणि नागपुरात डिसेंबरच्या रात्री पारा त्याच्या कितीतरी खाली उतरतो. पुढे ते खवट होऊन चिकट झाले, ते वेगळेच. जवसाचे तेल तर हवेत सुकून वार्निशासारखे कडक होते. ते चटणीवरच बरे. पेट्रोलियम जेली आपल्या उन्हाळ्यात पातळ होऊन लाकडाकडे ओघळते. डब्ल्यूडी-४० मुळात ओलावा हटवण्यासाठी बनवलेले आहे. गंजलेला सांधा मोकळा करायला ते उत्तम, पण त्याचा बराचसा भाग उडून जातो आणि मागे उरणारा थर पातळ असतो, म्हणून कायमचे वंगण म्हणून त्यावर विसंबू नये. गिटारवर तर ते थेट फवारूच नये.

मग खरी निवड उरते दोघांत. शिलाई मशीनचे तेल नागपूरच्या इतवारी, महाल भागातल्या मशीनच्या दुकानांत सहज मिळते. ते पातळ असल्याने झाकणाच्या छिद्रातून थेट आत पोहोचते. झाकणवाल्या खुंटीला त्याचा एकच थेंब, सुईच्या टोकाने, पुरतो. जास्त झाले तर ते लाकडात मुरते आणि स्क्रूची पकड सैल होते. उघड्या दात्यांसाठी मी पांढरे लिथियम ग्रीस निवडीन, कारण ते जागेवर टिकून राहते. मात्र उघड्यावरचे ग्रीस धूळही धरते, म्हणून त्याचा थर नखावर मावेल इतकाच असावा. दोन्हींच्या आधी सफाई हवीच. खुंटी काढून, जुन्या टूथब्रशने थोडे रॉकेल लावून, आगीपासून दूर दाते घासावेत आणि कोरडे पुसावेत. जुन्या प्लॅस्टिकच्या बटणांना ते लागू देऊ नये, कारण ती आधीच आक्रसून ठिसूळ झालेली असतात.

नव्या संचाच्या बाजूने बोलायचे तर पितळी चाकाचे दाते झिजले असतील, दांडा वाकला असेल किंवा बटण पाव फेरा फिरूनही तार हलत नसेल, तर कोणतेही वंगण उपयोगाचे नाही. पण नवी खुंटी जुन्या भोकात बसेलच असे नाही. आधुनिक बंद खुंटीला सहसा १० मिलिमीटरचे भोक लागते, जुन्या पद्धतीचे भोक त्याहून अरुंद असते, आणि ते रुंद करताना ड्रिल चुकले तर मानेचे टोक फाटू शकते. ते काम रीमरने, म्हणजे भोक थोडेथोडे रुंद करणाऱ्या हत्याराने, हळूहळू करणाऱ्या कारागिराकडेच द्यावे. स्क्रूची जुनी भोके उघडी दिसतात. बंद खुंट्या वजनाने जड असल्याने हलकी गिटार खांद्याच्या पट्ट्यावर अडकवली की तिची मान खाली झुकू लागते. शिवाय गिटार विकायची असेल तर मूळ खुंट्या काढून टाकल्याने किंमत घटते. उलट, १८:१ गुणोत्तराची (बटणाच्या अठरा फेऱ्यांना तार गुंडाळणाऱ्या खांबाचा एक फेरा) नवी खुंटी सूर इतका बारकाईने बसवू देते, की जुन्या खुंटीशी तिची तुलनाच होत नाही, हेही खरे.

माझ्या गिटारच्या पाच खुंट्या रॉकेल आणि ग्रीसने सुधारल्या. सहाव्या खुंटीचे चाक झिजलेले होते. तिच्यासाठी मी नवा संच घेतला नाही. त्याच घडणीची एक जुनी सुटी खुंटी मिळवून तिथे बसवली, आणि भोकाला हातही लावावा लागला नाही.