बोटॉक्स आणि डिस्पोर्ट : एकाच कपाळावरचा दीड वर्षाचा अनुभव

बोटॉक्स आणि डिस्पोर्ट ही दोन्ही बोट्युलिनम टॉक्सिनची, म्हणजे स्नायू काही काळ सैल करून आठ्या घालवणारी, टोचायची औषधे. पहिल्या वेळी मला कोणते औषध टोचले हे मी आजही सांगू शकत नाही, कारण त्या दवाखान्याच्या पावतीवर ‘कपाळ व भुवया’ एवढेच लिहिले होते. दहाव्या दिवशी आठ्या गेल्या, पण भुवयाही खाली बसल्या आणि पुढचे सहा आठवडे डोळ्यांवर ओला टॉवेल ठेवल्यासारखे जड वाटत राहिले. भुवई वर उचलणारा स्नायू कपाळात एकच असतो. तो खालच्या बाजूला सैल पडला की तिला सावरणारे दुसरे काही नसते. पापणी पडली असती तर ॲप्राक्लोनिडिनचे थेंब घालून ती एखाद-दोन मिलिमीटर उचलता आली असती, भुवईला त्याचा उपयोग नाही.

त्यानंतर मी पुण्यातल्याच दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे जाऊ लागले. औषधाचे नाव, युनिट आणि सलाइनचे प्रमाण या तिन्ही गोष्टी त्या लिहून देतात, म्हणून ही तुलना करता येते.

फेब्रुवारीत बोटॉक्स घेतले : भुवयांमध्ये पाच ठिकाणी मिळून 20 युनिट आणि कपाळावर पाच ठिकाणी 10. जुलैत त्याच जागी डिस्पोर्ट : अनुक्रमे 50 आणि 25. यावरून दुसरे औषध अडीचपट जोरदार असे समजू नये. दोन्हींचे युनिट वेगवेगळ्या पद्धतीने मोजतात. त्यांची अदलाबदल होऊ नये म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2009 साली मूळ औषधांना ओनाबोट्युलिनमटॉक्सिन-ए आणि अबोबोट्युलिनमटॉक्सिन-ए अशी निरनिराळी नावे दिली. बोटॉक्सची 100 युनिटची आणि डिस्पोर्टची 300 युनिटची, अशा दोन्ही कुप्या 2.5 मिलीलिटर सलाइनमध्ये विरघळवल्या होत्या, म्हणजे कपाळावर दर टोचणीला बोटॉक्सचे 0.05 मिलीलिटर गेले आणि डिस्पोर्टचे 0.04, उलट थोडे कमीच.

फरक दिसला तो घामात. मार्चमध्ये पर्वती चढून वर गेले तेव्हा कपाळ घामाने डबडबले होते, फक्त टोचलेल्या जागांभोवती बोराएवढी कोरडी वर्तुळे सुटी सुटी उमटली होती. हे औषध घामाच्या ग्रंथींकडे जाणारा संदेशही थांबवते, म्हणून संशोधक कपाळाला आयोडीन लावून वर स्टार्चची पूड भुरभुरतात. घाम येईल तिथे रंग काळानिळा होतो आणि न बदललेल्या भागावरून औषध किती पसरले ते मोजतात. ऑक्टोबरच्या उन्हात, डिस्पोर्टनंतर, माझी वर्तुळे एकमेकांना भिडली होती. अर्थात कपाळ एकच, ऋतू दोन आणि मोजमाप आरशातले. शिवाय मात्रा वाढली की वर्तुळ वाढणारच, त्यामुळे यात औषधाचा गुण किती आणि मात्रेचा किती हे मला वेगळे काढता येत नाही. परिणाम मात्र दोन्हींचा साधारण साडेतीन महिने टिकला.

बोटॉक्सच्या रेणूभोवती प्रथिनांचे मोठे कवच असते म्हणून ते कमी पसरते, हे स्पष्टीकरण मला अनेकदा ऐकवले गेले. ते फारसे पटत नाही. शरीरातल्या आम्लतेच्या पातळीला हे कवच लवकरच गळून पडते, आणि झिओमिन हे याच प्रकारचे, पण कवच नसलेले औषध घामाच्या चाचणीत बोटॉक्सच्या जवळपासच राहते.

आता कपाळाच्या वरच्या भागासाठी मी डिस्पोर्टच घेते, कारण त्याच्या पसरण्यामुळे तिथे एकसारखेपणा येतो. खालची रांग मात्र बाईंनी भुवईपासून दोन सेंटिमीटर वर नेली आहे. टिकली लावताना भुवया आपोआप वर जातात की नाही, हे मी अजून रोज सकाळी पाहते. जातात.