मेयो क्लिनिक, रॉचेस्टर: आईच्या मुंग्या आणि साडीच्या दुकानाची पिशवी

फेब्रुवारीत आईला घेऊन मेयोला, म्हणजे अमेरिकेत मिनेसोटातल्या रॉचेस्टरच्या मोठ्या हॉस्पिटलला, जाऊन आलो. तीन दिवस होतो. ओळखीतले बरेच जण विचारतायत कसं आहे, काय आहे, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आई ६८ वर्षांची, आमच्याकडे मिनियापोलिसला असते. चार वर्षं झाली, बोटांचे सांधे सुजतात, सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही. आधी दोन ठिकाणी दाखवलं होतं, नावं घेत नाही. एक म्हणाले वयाची झीज आहे, दुसरे म्हणाले संधिवात आहे आणि स्टेरॉइड चालू करून मोकळे झाले. ह्यांचे रिपोर्ट त्यांना दिसत नाहीत, त्यांचे ह्यांना, त्यामुळे तेच रक्त तीनदा काढून झालं. आणि ह्या सगळ्याचा दस्तऐवज म्हणजे आईची पिशवी. पुण्यातल्या एका साडीच्या दुकानाची जाड प्लॅस्टिकची पिशवी, त्यात एक्सरे, सोनोग्राफ्या, २००९ चा ईसीजी, आणि बाबांचे चष्म्याचे दोन नंबर, ते का आहेत कोणाला माहीत नाही.

मिनियापोलिसहून दीड तासाचा रस्ता. आम्ही गेलो तेव्हा उणे बावीस होतं, पण एकदा गाडी पार्किंग रॅम्पला लावली की बाहेर पाऊल टाकावं लागत नाही, हॉटेलं, दुकानं, क्लिनिकच्या बिल्डिंगा सगळं जमिनीखालून जोडलंय. त्याला ते सबवे म्हणतात. आईने विचारलं ट्रेन कुठे येते, तर ट्रेन बिन काही नाही, नुसतं चालायचं. चालणं भरपूर आहे, म्हणून दारातच व्हीलचेअर घ्या, लाजू नका. गोंडा बिल्डिंगच्या खालच्या हॉलमध्ये एक पियानो ठेवलाय, येणारा जाणारा कोणीही वाजवतो. आम्ही होतो तेव्हा हाताला सलाईनची पट्टी असलेला एक म्हातारा वाजवत होता, आई तिथून हलायलाच तयार नव्हती.

आता मेन गोष्ट. हे शिकवणारं हॉस्पिटल आहे, त्यामुळे मोठे डॉक्टर यायच्या आधी एक फेलो, म्हणजे डॉक्टर झालेली पण अजून ह्या विषयात शिकणारी मुलगी आली. मला वाटलं घ्या, आता शिकाऊ माणसापुढे परत सगळी रामकहाणी. तर ती बाई जवळजवळ तास बसली. तिने नेहमीचा प्रश्न विचारला, दुखणं शून्य ते दहा मध्ये किती? आई म्हणाली, "सकाळी ठणकतं, दुपारी नुसतं दुखतं, रात्री कळ येते, आणि बोटांना मुंग्या येतात त्या वेगळ्याच, ह्याला एक आकडा कसा देऊ?" दुभाषा फोनवर मिळतो, पण आई म्हणाली तू आहेस ना, म्हणून भाषांतराला मी. मुंग्यांचं मी घाईघाईत शब्दशः इंग्लिश करून टाकलं, ती मुलगी दचकून आईच्या हाताकडे बघायला लागली. मग हसली, आणि ठणका वेगळा का, कळ वेगळी का, मुंग्या कुठल्या बोटांत, करंगळीत येतात का, असं एकेक विचारून टाईप करत गेली. करंगळीत येत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नसांची टेस्ट लागलेली, आणि निघालं काय तर सांध्यांच्या सुजेमुळे मनगटात नस दाबली जातेय. चार वर्षांत आई हे प्रत्येकाला सांगत होती हो.

मोठे डॉक्टर आले ते सूट-टायमध्ये, पांढरा कोट नाही. त्यांनी त्या फेलोने टाईप केलेलं सगळं वाचलेलं होतं, पहिल्यापासून सुरुवात नाही. हाताच्या डॉक्टरांनीही तेच वाचलेलं. पिशवीतले कागद पहिल्या दिवशीच स्कॅन करून घेतले होते (चष्म्याचे नंबर सोडून). आज ह्यात काय विशेष असं वाटेल, पण एक पेशंट, एक नंबर, एक फाईल ही पद्धत इथे १९०७ पासून आहे. हेन्री प्लमर नावाच्या डॉक्टरने बसवली. त्याआधी प्रत्येक डॉक्टरची आपापली वही असायची. इथले डॉक्टर पगारी आहेत, जास्त टेस्ट लिहिल्या म्हणून जास्त पैसे असं नाही, आणि हे बोलताना जाणवतं, कोणी कोणाचा पेशंट पळवत नाही.

संधिवातवाल्यांनी हे वाचाच. कॉर्टिझोन, म्हणजे एक स्टेरॉइडच, संधिवाताच्या पेशंटला पहिल्यांदा दिलं ते इथेच, सप्टेंबर १९४८ मध्ये. इथल्याच डॉक्टर फिलिप हेंचच्या लक्षात आलं होतं की काविळीत आणि गरोदरपणात बायकांचा संधिवात उतरतो, म्हणजे शरीरच काहीतरी औषध तयार करत असणार. एडवर्ड केंडॉल नावाच्या केमिस्टने इथेच ॲड्रिनल ग्रंथीतली (ह्या मूत्रपिंडांच्या वर असतात) द्रव्यं वेगळी काढली होती, त्यातलंच एक देऊन बघितलं. अंथरुणावरून जेमतेम हलणारी पेशंट काही दिवसांत बाजारात खरेदीला गेली! १९५० चं नोबेल दोघांना मिळालं, स्वित्झर्लंडच्या राइखस्टाइनबरोबर. हे ऐकून आई म्हणाली, "आमच्या काकूचं अगदी असंच, पोटुशी असताना ठणठणीत आणि मूल झालं की हातपाय आखडायचे, सगळे बाळंतवात म्हणायचे." डॉक्टरांना सांगितलं तर ते मान डोलावून म्हणाले, काकूंचं बरोबर होतं. आणि गंमत म्हणजे जिथे हे औषध सुरू झालं तिथेच आईचं स्टेरॉइड हळूहळू बंद करायचं ठरलं. दुष्परिणामही इथल्या लोकांनी तेव्हाच बघितले होते म्हणे. आता आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी आहे, मनगटाला रात्री पट्टा, आणि सहा आठवड्यांनी परत रक्त.

प्रॅक्टिकल गोष्टी: इन्शुरन्सला मेयो चालतं का हे आधी लेखी विचारा, अमेरिकेत अंदाजावर कुठल्याही हॉस्पिटलात जाऊ नये. अपॉइंटमेंट मागितली की लगेच मिळेल असं धरू नका. एक रात्र जास्तीची ठेवा, कारण एका टेस्टमधून दुसरी निघते. खाण्याचं काय, सँडविच-सूप मिळतं, आम्ही थालीपिठं नेली होती आणि दोन दिवस त्यावर काढले. वेळ मिळाला तर १९२८ ची प्लमर बिल्डिंग बघा, तिचे काशाचे दरवाजे अवाढव्य आहेत, आणि वर घंटा आहेत, त्या वाजताना तिथे थांबा.

पाचपैकी साडेचार. अर्धा थंडीचा कापलाय, त्यात क्लिनिकचा काही दोष नाही.

येताना गाडीत पिशवी आईच्या मांडीवर. मी म्हटलं आई, सगळं त्यांच्या कॉम्प्युटरवर गेलंय, आता टाकून देऊया का. "त्यांच्याकडे आहे, मग आपल्याकडे नको?" म्हणाली, आणि मेयोचे नवे कागद घडी घालून आत सरकवले.