कॅम्पिंगचा मोठा चॉपर: काही महिने वापरल्यानंतर

आधीच सांगून टाकतो: सुरा ठेवणार आहे, विकणार नाही. पण डब्यातून निघाला तसाच राहिला असता, तर एव्हाना कुणाला तरी देऊन मोकळा झालो असतो. या काही महिन्यांत त्याची धार नव्याने बसवली, पात्यावरचा काळा रंग जागोजागी उडाला, म्यान बदललं. मूळचं उरलंय ते पोलाद आणि मूठ. खरं तर पैसे मोजायचे असतात ते याच दोन गोष्टींसाठी.

कंपनीचं नाव देत नाही, कारण या घडणीचे सुरे बऱ्याच कंपन्या बनवतात आणि गुणदोष थोड्याफार फरकाने तेच असतात. पातं २५ सेंटिमीटर, पाठीची जाडी पाच मिलिमीटरच्या आसपास, वजन सहाशे ग्रॅमला टेकलेलं. पोलाद १०९५, म्हणजे साधारण ०.९५ टक्के कार्बन असलेलं साधं कार्बन पोलाद. ते मुठीच्या शेवटापर्यंत अखंड गेलेलं आणि दोन्ही अंगांना मायकार्टाच्या फळ्या स्क्रूने आवळलेल्या. कापडाचे थर राळेत दाबून ही फळी करतात. ती पावसात फुगत नाही की उन्हात तडकत नाही.

घेण्याआधी बाकीचे पर्याय हाताळून पाहिले होते. मचेटीचं, म्हणजे लांब आणि पातळ कोयत्याचं, पातं दोन-तीन मिलिमीटरचं असतं. गवत, वेली, हिरव्या बारीक फांद्या यांना त्याच्यासारखं काही नाही, पण वाळलेल्या टणक लाकडावर ते थरथरतं आणि उडतं. नेपाळी खुकरीचं वजन पुढच्या फुगीर भागात साठलेलं असतं, त्यामुळे छोट्या पात्याचाही घाव जड बसतो. त्यातल्या पुष्कळशा गाड्यांच्या स्प्रिंगच्या पाट्यांपासून घडवतात. मलेशियातला परांग बहिर्वक्र धारेचा, ओल्या लाकडातून अलगद सुटणारा. लहान कुऱ्हाड फोडण्याच्या कामात या सगळ्यांना मागे टाकते, पण झुडपं साफ करायला तिचा उपयोग नाही. मला एकाच हत्याराने झुडपं सारायची, फांद्या तोडायच्या आणि सरपण फोडायचं होतं, म्हणून मधला मार्ग काढला.

दुकानात सगळे पाठीची जाडी बघतात. सहा मिलिमीटर, सात मिलिमीटर, आणि लगेच ‘दणकट’ असा शिक्का. जाड पातं मोडत नाही हे खरं, पण तोडताना ते लाकडात शिरतही नाही. खरी बघायची गोष्ट म्हणजे वजन किती यापेक्षा वजन कुठे आहे. सुरा आडव्या बोटावर तोलून पाहा. तोल मुठीच्या तोंडाशीच येत असेल तर घाव घालायला सगळा जोर मनगटाने लावावा लागणार. माझ्या सुऱ्याचा तोल मुठीच्या दोन-तीन बोटं पुढे येतो. त्यामुळे हात फक्त दिशा देतो, बाकी काम पातं करतं. तोल याच्याही फार पुढे गेला तर मात्र अर्ध्या तासात मनगट भरून येतं आणि झुडपं सारताना प्रत्येक झटका आवरायला जास्त ताकद लागते.

आता धार. कारखान्यातून आलेली धार इतक्या बोजड कोनात होती की कागद कापला जायचा आणि लाकूड नुसतं चेपलं जायचं. दोष धारेच्या अगदी कडेला नव्हता, तिच्या मागच्या खांद्याला होता: पातं जिथे धारेकडे वळतं तिथे ठसठशीत कंगोरा होता आणि प्रत्येक घाव त्या कंगोऱ्यावर अडायचा. बारीक कानशीने तो कंगोरा घासून काढला, मग रबरी चटईवर पॉलिश पेपर पसरून पातं मागे ओढत, म्हणजे धार मागे आणि पाठ पुढे ठेवून, दोन्ही बाजू गोलसर केल्या. पेपर आधी २२० नंबरचा, मग ४००, मग ८०० (नंबर मोठा तितका पेपर बारीक), शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर. रबर किंचित दबतं म्हणून धार आपोआप बहिर्वक्र होते. आता प्रत्येक बाजूला अंदाजे २० अंशांचा कोन आहे आणि तोच सुरा त्याच लाकडात पहिल्यापेक्षा बराच खोल जातो. हे काम ग्राइंडरवर कुणी करून देतो म्हणाला तर देऊ नका. पातळ धार क्षणात तापते. पोलाद निळं पडलं म्हणजे तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं, तिथलं पाणी उतरलं आणि तेवढा भाग मऊ झाला. निळेपणा पुसता येतो, गेलेलं पाणी परत येत नाही.

पोलादाबद्दल माझं मत थोडं बदललंय. एका वाळक्या फांदीच्या गाठीवर घाव बसला आणि हाताला वेगळाच दणका जाणवला. रात्री बॅटरीखाली धार वर करून धरली तेव्हा टोकापासून चार बोटं मागे तिळाएवढा ठिपका चमकत होता. चांगली धार उजेडात दिसत नाही. जी चमकते ती बोथट किंवा मुडपलेली. नख हलकेच आडवं फिरवलं तर एका बाजूला अडकत होतं, म्हणजे तुकडा उडाला नव्हता, धार नुसती वाकली होती. चामड्याच्या पट्ट्यावर आणि थोड्या ८०० च्या पेपरवर ती सरळ झाली. तोडकामाच्या सुऱ्याकडून हेच हवं असतं. म्हणूनच त्यांचा कडकपणा रॉकवेल मापावर साधारण ५५ ते ५८ ठेवतात. त्याहून कडक पोलाद धार जास्त दिवस धरतं, पण गाठीवर आपटलं की त्याचा टवका उडतो. डी२ सारखं पोलाद (साधारण दीड टक्का कार्बन, १२ टक्के क्रोमियम) लहान सुरीत छान, एवढ्या मोठ्या पात्यात मी घेणार नाही. पुन्हा घ्यायची वेळ आली तर स्प्रिंगचं ५१६० बघेन. त्यात कार्बन ०.६ टक्क्यांच्या आसपास असतो. धार थोडी लवकर जाईल, पण दणके सोसण्यात ते १०९५ पेक्षा सरस आहे.

कार्बन पोलाद म्हटलं की गंज आलाच. स्टेनलेस व्हायला साधारण साडेदहा टक्के क्रोमियम लागतं, १०९५ मध्ये ते नसल्यातच जमा. काळ्या पावडर कोटिंगवर भिस्त ठेवली तर पहिल्यांदा सरपण फोडतानाच ते पात्याच्या गालावरून खरवडतं. उघड्या पडलेल्या भागावर करडी छटा चढली आहे, ती मी राहू देतो, कारण ती लाल गंजाला थोडंफार थोपवते. काम झालं की चीक पुसायचा, पातं कोरडं करायचं, मिनरल ऑइलचं बोट फिरवायचं. बस्स. मूळचं म्यान मात्र टाकाऊ निघालं: नायलॉनचं, आत प्लास्टिकचं अस्तर, चालताना खुळखुळ वाजणारं, आणि धारेने तोंडाजवळची शिवण कापायला सुरुवात केली होती. चामड्याचं दिसायला देखणं, पण ते ओल धरून ठेवतं. शेवटी कायडेक्सचं, म्हणजे गरम करून आकार देता येणाऱ्या कडक प्लास्टिकचं करून घेतलं, खाली पाणी निथळायला भोक ठेवून.

कामात तो कसा आहे? मनगटाएवढ्या पडलेल्या वाळक्या फांद्या (उभं हिरवं झाड तोडायचा प्रश्नच नाही) दोन्ही बाजूंनी ४५ अंशांच्या तिरप्या घावांनी खाच करत तोडल्या तर ढलप्या छान उडतात. सरळ नव्वद अंशांत मारत बसलात तर पातं रुतून बसतं आणि ते सोडवण्यातच दम जातो. फोडताना पातं ओंडक्यावर ठेवून पाठीवर लाकडी दांडक्याने ठोकायचं. ओंडक्याची जाडी पात्याच्या लांबीपेक्षा चार-पाच बोटं कमी हवी, म्हणजे पातं आत गेल्यावरही ठोकायला टोक बाहेर उरतं. इथे पाठीची जाडी कामाला येते, ती पाचरीसारखी लाकूड फाकवते. म्हणजे पाच मिलिमीटर हा तोडणं आणि फोडणं यांच्यातला समझोता आहे, आणि मला तो पटलाय. बांबू तर बघत राहावा असा फाटतो. मात्र त्याच्या गुळगुळीत पाठीवर तिरपा घाव घालू नका, पातं घसरून थेट पायाकडे येतं. म्हणून तोडताना गुडघ्यावर बसायचं, खाली ठोकळा घ्यायचा आणि पात्याच्या वाटेत पाय, हात, माणूस काहीही ठेवायचं नाही. दोरीचा फास मनगटात अडकवू नका. हातातून सुटलेला सुरा त्या दोरीने झोका घेऊन आपल्याकडेच येतो.

एक गोष्ट मोठा चॉपर घेणाऱ्यांना आवडणार नाही. मनगटाएवढी फांदी आडवी कापायला घडीची करवत याच्याहून झटपट, मुकाट आणि कमी धोक्याची आहे. दमलेल्या हाताने घाव घालण्यापेक्षा करवत ओढणं केव्हाही बरं. मी आता करवतीने तुकडे करतो आणि चॉपरने फोडतो, झुडपं सारतो, खुंट्यांना टोकं काढतो. बारीक कामाला तिसरी छोटी सुरी लागतेच, एवढ्या लांब पात्याने लाकडाच्या पातळ साली काढणं म्हणजे वैताग. चकमकीच्या कांडीवर ठिणग्या पाडायला पाठीचा कोन काटकोनी आणि उघडा लागतो. कोटिंगखाली तो बुजलेला होता, तेव्हा मुठीजवळची चार बोटं पाठ कानशीने साफ केली. (ही कांडी फेरोसेरियमची. तो मिश्रधातू ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १९०३ मध्ये शोधला.)

तंबू आणि गॅसचा स्टोव्ह एवढंच घेऊन जात असाल तर हे सहाशे ग्रॅम पाठीवर वाहू नका. जिथे जाताय तिथे एवढं पातं बाळगता येतं का आणि सरपण गोळा करायला परवानगी आहे का, हे आधी विचारा. विमानाने जाणार असाल तर ते चेक-इन सामानातच जाईल.

मुठीबद्दल तक्रार एकच, पण ती चालू आहे. नवी फळी घामाने निसरडी व्हायची, म्हणून २२० च्या पेपरने ती खरखरीत केली. करंगळीखालची कडा टोचायची, तीही गोल केली, तेव्हापासून फोड येत नाहीत. पण पाठीवर ठोकून ठोकून मागचा स्क्रू सैल होतो. लॉकिंग द्रव लावूनही अधूनमधून होतोच, त्यामुळे आवळायची किल्ली आता म्यानाला बांधून ठेवली आहे.