अश्वगंधा, गोखरू, मेथी : पन्नाशीनंतर काही महिने घेऊन पाहिल्यावर

सकाळी उठल्यापासूनच अंगात मरगळ, व्यायामाचा कंटाळा, शरीरसंबंधांची इच्छा मंदावलेली. पन्नाशीनंतर हे सगळं वयावर ढकलून मोकळं होता येतं. डॉक्टरांनी मात्र आधी टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, तपासायला लावलं, तेही सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी. दुपारनंतर हे प्रमाण उतरतं, म्हणून संध्याकाळच्या एका रिपोर्टवर कुणी काही सुरू करू नये, हे अगदी कळकळीनं सांगतो. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिनही पाहिलं. थकवा तिथूनही येतो. माझा टेस्टोस्टेरॉनचा आकडा ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या जरासा वर, म्हणजे काठावर. हार्मोनची गरज नव्हती. मग डॉक्टरांना विचारून वनस्पतींकडे वळलो, पण एका वेळी एकच. सगळं एकत्र घेतलं की गुण कशाचा आणि त्रास कशाचा, काही कळत नाही.

अश्वगंधेच्या मुळाचा अर्क, ३०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. सुरुवातीचे काही आठवडे काहीच नाही. मग झोप सुधारली. मध्यरात्री जाग यायची आणि पहाटेपर्यंत कूस बदलत पडायचो, ते थांबलं. चिडचिड कमी झाल्याचं माझ्याआधी बायकोच्या लक्षात आलं. इच्छाही थोडी परतली. नंतरच्या तपासणीत टेस्टोस्टेरॉन किंचित वाढलेलं दिसलं, पण तेवढा फरक दोन सकाळींमध्येही पडतो, त्यामुळे मी श्रेय झोपेला देतो. तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं तर त्यांचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घसरतं, हे २०११ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. आणि २०१९ मध्ये ४० ते ७० वयाच्या, वजन जास्त असलेल्या पुरुषांवर अश्वगंधेची चाचणी झाली, तिच्यात औषध नसलेल्या दिखाऊ गोळीच्या तुलनेत टेस्टोस्टेरॉन सुमारे १५ टक्के जास्त वाढलं, तरी थकवा आणि उत्साह यांत दोन गटांमध्ये ठोस फरक नव्हता. आकडा वाढला म्हणजे माणसाला बरं वाटेलच असं नाही.

गोखरूचा मला काडीचा उपयोग झाला नाही, उलट पोट बिघडलं. निरोगी पुरुषांवरच्या चाचण्यांतही त्यानं टेस्टोस्टेरॉन वाढल्याचं फारसं दिसलेलं नाही.

मेथीच्या अर्कानं इच्छा वाढल्यासारखी वाटली. पण घामाला गोडसर, पाकासारखा वास यायला लागला, शर्ट धुतला तरी काखेत राहायचा. मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी मेथीचा अर्क विचारल्याशिवाय घेऊ नये, साखर आणखी खाली येऊ शकते. रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनीही तसंच.

‘तासाभरात ताकद’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्रणांना मी हातही लावला नाही. अशा ‘नैसर्गिक’ मालात सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) लपवून घातल्याचं तपासण्यांत वारंवार सापडलं आहे, आणि छातीदुखीसाठी नायट्रेट घेणाऱ्याच्या ते जिवावर बेतू शकतं.

अश्वगंधा थायरॉइडची पातळी वाढवू शकते, क्वचित यकृतालाही इजा करते. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा अंगाला खाज सुटली तर त्याच दिवशी बंद करा आणि यकृताची रक्ततपासणी करून घ्या.