जुन्या ट्रॅक्टरला साधा बेल्ट की दातेरी?
फॅन बेल्टच्या कडा काचेसारख्या गुळगुळीत झाल्या, आतून भेगा दिसू लागल्या, की तो बदलायचाच. कोणता घ्यायचा, एवढंच ठरवायचं.

साधा व्ही-बेल्ट (पुलीच्या व्ही आकाराच्या खाचेत कडांनी पकड घेणारा) बाहेरून कापडाने मढवलेला असतो. धूळ, झटके, पुलींची थोडीफार तिरकी रांग, सगळं निभावून नेतो. जोर आला की किंचित घसरतो, इतकंच. दातेरी बेल्टच्या कडा उघड्या रबराच्या आणि आतल्या बाजूला खाचा. त्यामुळे डायनॅमोच्या छोट्या पुलीवर तो सहज वळतो, कमी तापतो, पकडही चांगली. पुली मात्र एका रेषेत हव्यात, नाहीतर एक कड भराभर झिजते.

माझं विचाराल तर छोट्या पुलीला दातेरी. ढिला-घट्ट करून क्लचसारखा वापरायचा बेल्ट असेल तर साधाच. पण त्याआधी पुलीची खाच बघा. तळ चकाकतोय? मग जुना बेल्ट तळाला टेकत होता. पुली झिजली असेल तर नवा बेल्टही घसरणार, मग तो कुठलाही आणा.

चढवताना पेचकसाने उचकटू नका, डायनॅमोचे बोल्ट सैल करा. इंजिन बंद ठेवून दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण 10 ते 15 मिमी दबला की ताण ठीक. काही तास चालवून पुन्हा तपासा, नवा बेल्ट थोडा सैलावतोच.