पायड्रिलर: पावसाळाभर वापरल्यानंतर

एम.टेक.च्या प्रबंधासाठी जूनपासून पायड्रिलर जवळजवळ रोज वापरतेय. गिट म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी प्रणाली; तिचा इतिहास पायथनमधून उपसण्याचं हे साधन काय आहे ते इथल्यांना ठाऊक असणार, म्हणून इन्स्टॉल वगैरेत शिरत नाही. लिहायला बसले ते गेल्या आठवड्यात सापडलेल्या एका दोषामुळे. तो मला अजून पचलेला नाही.

माझं काम सी भाषेतल्या प्रकल्पांवर आहे: बग (कोडमधली चूक) नेमका कोणत्या कमिटमधून (गिटमध्ये नोंदलेल्या बदलातून) शिरला ते शोधायचं. त्याची मूळ पद्धत म्हणजे एसझेडझेड, 2005 साली स्लिवेर्स्की, झिमरमन आणि झेलर यांनी मांडलेली. बग दुरुस्त करणारा कमिट घ्यायचा, त्यात उडवलेल्या ओळी पाहायच्या आणि त्यांना आधी शेवटचा हात कोणत्या कमिटने लावला ते गिट ब्लेम या आज्ञेला विचारायचं. पायड्रिलरमध्ये यासाठी गेट_कमिट्स_लास्ट_मॉडिफाइड_लाइन्स हे फंक्शन आयतं मिळतं.

कर्ल या सीमध्ये लिहिलेल्या डेटा ने-आण करणाऱ्या साधनाच्या कोडवर ते चालवताना काही दुरुस्त्यांसाठी उत्तर रिकामं यायला लागलं. दुरुस्तीत फक्त नव्या ओळी घातल्या असतील, समजा एखादी नल-तपासणी (पॉइंटर रिकामा तर नाही ना ते पाहणं), तर उत्तर रिकामंच येणार, कारण उडवलेली ओळच नसते. एसझेडझेडची ही मर्यादा सगळ्यांना माहीत आहे. पण इथे तर ओळी उडवलेल्या होत्या! आत जाऊन पाहिलं. ओळ ब्लेमला देण्याआधी ती ‘निरुपयोगी’ आहे का हे एक छोटं फंक्शन ठरवतं. रिकामी ओळ गाळतं, ते बरोबर. // ने सुरू होणारी, म्हणजे टिप्पणी (माणसांसाठी लिहिलेली नोंद), गाळतं, तेही ठीक. पण # आणि * ने सुरू होणारीही गाळतं. म्हणजे सीमधलं #डिफाइन गेलं, #इफडेफ गेलं (या टिप्पण्या नव्हेत, खरा कोड) आणि *डन = ट्रू; ही ओळसुद्धा टिप्पणी समजून गेली. कर्लमध्ये तशा ओळी जागोजागी आहेत. काम पूर्ण झाल्याचा निरोप बोलावणाऱ्या फंक्शनला त्याच ओळीतून जातो, बग लपायला याहून चांगली जागा कुठली?

ओळ गाळल्याचा इशाराही मिळत नाही. ‘ओळच नव्हती’ आणि ‘ओळ होती पण मी पाहिली नाही’ या दोन्हींचं उत्तर सारखंच रिकामं दिसतं. प्रबंधाच्या तक्त्यात ते दोन्ही एकाच रकान्यात जाऊन बसतात. माझा सगळा राग यावर आहे.

आता दुसरी बाजू. हे लिहिता लिहिता तो कोड परत उघडला. त्या फंक्शनच्या डोक्यावरच टीप आहे: यात जावा आणि पायथनच्या टिप्पण्या येतात, आणखी भर घालायला हवी. म्हणजे लिहिणाऱ्यांनी काही झाकलेलं नाही. चारपैकी दोन तारे द्यायचे ठरवले होते, ते तीन केले. शिवाय ते फंक्शन वेगळं काढून ठेवलेलं असल्यामुळे पायड्रिलरच्या ‘गिट’ नावाच्या क्लासवरून आपला क्लास बेतून तेवढाच भाग बदलता येतो. मी तसंच केलं. नुसतं फॉरमॅटिंग बदलणारे कमिट ब्लेमने ओलांडून पुढे जावं म्हणून त्यांच्या हॅशची (ओळख-क्रमांकांची) फाइल देण्याची सोय आहे, तीही उत्तम चालते.

खर्चाचं बोलते. रेपोचा (प्रकल्पाच्या गिट-साठ्याचा) दुवा दिला की पायड्रिलर तो तात्पुरत्या फोल्डरमध्ये क्लोन करतं, म्हणजे त्याची प्रत उतरवून घेतं, आणि काम संपलं की पुसून टाकतं. पुन्हा चालवलं की पुन्हा क्लोन. माझं घर गुहागरजवळ, रेंज सड्यावर (डोंगरावरच्या कातळी माळावर) गेलं तरच, आणि पॅक दिवसाला दीड जीबीचा. त्यात गिट क्लोन मध्येच तुटला तर उरलेलं पुढे चालू होत नाही, शून्यापासून सुरुवात. कोकणातल्या मुलामुलींना माझं सांगणं: कॉलेजात पूर्ण क्लोन एकदाच करा, पेनड्राइव्हवर घरी न्या आणि साधनाला फोल्डरचा पत्ता द्या. मग सगळं नेटशिवाय चालतं. नंतर गिट फेचने फक्त नवीन तेवढं येतं. डेटा वाचवायला ब्लॉब (फाइलींचा मजकूर) वगळून क्लोन करू नका, कारण डिफ (दोन आवृत्त्यांमधला फरक) काढताना प्रत्येक जुन्या फाइलसाठी गिट नेट मागत बसतो. आणि प्रत्येक कमिटचा निकाल लगेच सीएसव्हीत लिहा. लाइट गेली, बॅटरी संपली, तरी झालेलं काम हातात राहतं.

जावावाल्यांनी बिनधास्त वापरावं. पण तिथेही दुसऱ्या ओळीवर * ने सुरू होणारा गुणाकार गाळला जातोच, तेवढं तपासा. सीवाल्यांनी आधी ते फंक्शन बदलावं, मगच आकडे मॅडमना दाखवावेत. फाइलच्या एक्स्टेंशनवरून भाषा ओळखून टिप्पणीची चिन्हं निवडणारी दुरुस्ती मी लिहिली आहे. तिच्या चाचण्या पूर्ण झाल्या की मूळ प्रकल्पाला पाठवणार आहे. कुणाकडे फोरट्रान किंवा पीएचपीचे असे नमुने असतील तर जरूर कळवा.